सुकदेवभाऊंच्या स्पॅनियलची पारोळ्यातली वर्तणूक

पारोळा,
ता. १२ जून १९८९

ती. सुकदेवभाऊ,

पारोळ्याहून शालिग्रामचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण मी वाकलो की तुमचं कुत्रं पाठीवर पुढचे पाय ठेवतं, म्हणून उभ्यानेच घ्या.) वहिनींची कंबर, तुमचं पित्त आणि पुण्याची हवा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे सारे खुशाल. ऊन चव्वेचाळीसला शिवून परत गेलं आणि आज शाळा उघडली, म्हणजे विश्रांती सुरू झाली.

तुमचं पत्र पोचलं. नव्या घराला अंगण आहे आणि २५ तारखेच्या रविवारी तुम्ही प्रिन्सला न्यायला येताय, हे वाचून फार आनंद झाला. सोसायटीवाले ऐकत नाहीत, पंधरा दिवस सांभाळ, असं सांगून संक्रांतीला तुम्ही त्याला सोडून गेलात. बँकेत पंधरा दिवस कसे मोजतात ते ठाऊक नाही, आमच्या शाळेत ते जानेवारीतच संपतात. असो. नेण्याआधी त्याची इथली वर्तणूक तुमच्या कानावर घातलेली बरी, नाहीतर चुलतभावाने माल लपवून दिला म्हणाल.

तुम्ही दिलेला टाइप केलेला कागद मी पाठ केला आहे. त्यात पहिलंच वाक्य, ही जात अतिशय प्रेमळ असते. खरं आहे. मार्चमध्ये भरदुपारी एक इसम ओट्यावरून आमचा सायकलचा पंप घेऊन गेला. प्रिन्सने त्याचे हात चाटले, त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन दोन तास उदास बसला. (पंपासाठी नव्हे. पाहुणा लवकर गेला म्हणून.) दुसरं वाक्य, त्याला एकटं ठेवू नये. मी संडासात गेलो तरी तो दाराबाहेर गळा काढतो, त्यामुळे माझ्या पोटाचं वेळापत्रक आता अख्ख्या गल्लीला पाठ आहे. पाणी या जातीला आवडतं असंही लिहिलंय. आमच्या सौ. सुनंदाने पिण्यासाठी भरून ठेवलेल्या टाकीत तो दोनदा पोहला. इथे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, हे त्या कागदाला ठाऊक नसावं.

कानांबद्दल काय सांगू! ते कान भांड्यात आधी जातात, तोंड मागून. वरणात भिजलेले कान घेऊन तो घरभर फिरतो आणि अंग झटकतो, त्यामुळे आमच्या भिंतींना डाग आहेत की नक्षी, हे पाहुण्यांना ठरवता येत नाही. शेवटी मुलीच्या रिबिनीने जेवताना दोन्ही कान डोक्यावर बांधायला लागलो. त्या अवस्थेत त्याला पाहून तोताराम शिंप्याने मला गंभीरपणे विचारलं, की मास्तर, ही शेळी दूध किती देते.

आता मुख्य गुन्हा. पाखरं उठवणं आणि तोंडात धरून आणणं हा म्हणे या जातीचा पिढीजात धंदा. शेजारच्या नूर महंमद पिंजाऱ्याच्या कोंबड्या तुम्ही पाहिल्यात. फेब्रुवारीत प्रिन्सने त्यातली एक उचलली, दात न लावता, लोण्याचा गोळा धरावा तशी, आणि थेट देवघराच्या खोलीत नेऊन आमच्या मायच्या मांडीवर ठेवली. माय म्हणजे तुमची झुंबरकाकू, माळकरी, अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणारी. दादा, म्हणजे तुमचे काका, गेले त्या पोळ्यापासून दीड वर्षं ती त्या खोलीत बसून होती. उंबरा ओलांडला नाही, दिवसाला चार शब्द बोलली असेल तर पुष्कळ. आम्ही ताट आत सरकवायचो, अर्धं परत यायचं. कसं शांत घर होतं!

ते या कुत्र्याने मोडलं. सुनंदा बाजारात, मी शाळेत. माय उठली, कोंबडी पदरात घेतली आणि नूर महंमदच्या दारी जाऊन उभी राहिली, मागे हा शेपटीचा तुकडा हलवत. मी घरी आलो तर खोली रिकामी. भाऊ, मी विहिरीपर्यंत धावून आलो. (हे सुनंदाला सांगितलेलं नाही.) पाहतो तर माय पिंजाऱ्याच्या बायकोच्या, हुस्नबानोच्या, ओसरीवर बसून तिला गोधडीला टाके कसे घालायचे ते शिकवतेय. हुस्नबानोचा जन्म गोधड्यांत गेला, पण बिचारी ऐकून घेत होती.

तेव्हापासून घराची शांतता संपली. माय पहाटे त्याला किल्ल्याच्या खंदकाकडे फिरवते, वाटेत चार घरी थांबते आणि चार घरच्या भानगडी घेऊन येते. माझ्या शिकवण्यापासून सुनंदाच्या फोडणीपर्यंत तिला सगळ्यात खोट दिसते. ताट धुतल्यासारखं परत येतं. याला जबाबदार तुम्ही.

मे महिन्यात खंदकातल्या वाळल्या गवताचं कुसळ त्याच्या कानात शिरलं. मान वाकडी, अन्न बंद, हात लावला की विव्हळायचा. मी म्हटलं, चार दिवस पाहू. मायने माझ्याकडे असं पाहिलं, की मी धुळ्याची एसटी गाठली. तिने त्याला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरने शाल जराशी उचलली आणि म्हणाला, आजी, कुत्रं चालत नाही.

माय शांतपणे म्हणाली, "मना नातू शे. कान दुखस त्याना."

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग शालीतल्या त्या दोन डोळ्यांकडे, आणि मुकाट्याने अर्धं तिकीट फाडलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. धुळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी चिमट्याने कुसळ काढलं आणि बजावलं, की लोंबत्या कानांत हवा जात नाही, ते रोज कोरडे करा, आतले केस कापा. नजर अधू म्हणून सुईत दोरा ओवता न येणारी माय आता रोज दुपारी कापसाने त्याचे कान पुसते.

तर असा हा चोरांचा मित्र, पाण्याचा शत्रू आणि घरफोड्या कुत्रा आहे. नव्या घरात, नव्या फरशीवर, तुम्हाला तो परवडेल का, याचा शांतपणे विचार करावा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. २५ तारखेला आम्ही घरी नाही. सगळे मुक्ताईनगरला दर्शनाला जातोय. त्याच्या पुढच्या रविवारीही जाणार आहोत.

ता. क. २. पाण्याचा शत्रू म्हटलं ते खोटं. टाकी आता झाकतो.

ता. क. ३. भाऊ, तुमचं पत्र येऊन नऊ दिवस झाले. ते शाळेच्या कपाटात कुलपात आहे. सुकदेवने काय लिहिलंय म्हणून माय रोज विचारते आणि मी सांगतो, काही नाही, खुशाली. तिला दाखवता येईल असं दुसरं पत्र धाडा. अंगण लहान निघालं, पुण्याची हवा त्याला मानवत नाही, काहीही लिहा. आणि ते तिच्याच नावाने टाका, अक्षर मोठं काढा. मी वाचलं तर माझ्या आवाजावरून तिला लगेच कळेल.