सोडलेली मासोळी

१३ जानेवारी, मंगळवार

विशूचा फोन. सव्वीस तारखेला जोडून सुट्टी हाय म्हणे, तो, सून अन् नात, तिघंबी येऊन राहिले पुण्याहून. येलदरीच्या धरणावर तंबू ठोकायचा, रातभर तिथंच निजायचं, गळ टाकून मासे धरायचे. एवढा फ्लॅट घेतला अन् निजायचं रानात! आमी रानात निजलो की जागल. हे निजले की सहल.

पण शेवटी म्हणला — "आई, तूबी चल."

व्हय म्हणलं. लई लवकर म्हणलं. जरा थांबायला पाहिजे व्हतं.

१५ जानेवारी

माशाच्या रश्श्याला येसूर मसाला कुटला. हात भरून आले. चांगुणा भिंतीवरून इचारते, "काहून गं, कोणाचं लगीन?" म्हणलं, माझंच. धरणावर.

हिरवं लुगडं धुतलं.

माझं माहेर पूर्णेकाठचं. ते शिवार आता धरणाच्या पाण्याखाली. बाप गळ टाकायचा, मी कणकेच्या गोळ्या करून द्यायची. मरळ निघाली की डोकं माझं. भावानं हात लावला तर बाप खेकसायचा.

१८ जानेवारी, रविवार

परत फोन. सामान सांगून राहिला — तंबू, शेगडी, बर्फाचा डबा, घडीच्या खुर्च्या चार. माणसं चार, खुर्च्या चार. बराबर हाय.

मागून सुनेचा आवाज आला. निलमचा. "पण आई मासे खात नाहीत ना?" विशू म्हणला, "खायचं सोड, वास सहन होत नाही तिला."

वास!

विशू चार वर्षांचा व्हता. मुदतीचा ताप. डागदरनं हात टेकले. मी अनवाणी औंढ्याला गेले अन् नागनाथापुढं मासोळी सोडली. जिवाची आवडती वस्तूच सोडावी लागते. चांगुणानं तिच्या पोरासाठी कारलं सोडलं — जन्मात कधी चाखलं न्हवतं तिनं! तिचं पोरगं तिच्यापाशी राहतं, सकाळी चहा करून देतं. माझं पुण्याला.

ज्याच्यासाठी सोडलं त्याला सांगायचं नसतं. सांगितलं की नवस गेला. मासे रांधून त्याच्या ताटात वाढत आले, आपण तिखट-भाकर खाल्ली. आई काहून खात न्हाई, त्यानं कधी इचारलं न्हाई. त्यानं ते वासावर ढकललं अन् मोकळा झाला.

२१ जानेवारी

विशूचा फोन. "आई, तू घरीच रहा. थंडी बाधंल. मासे तर तुला चालत नाहीत, नुसतं बसून काय करशील? येसूर तेवढा बांधून ठेव."

ठेवला. लुगडं पेटीत टाकलं.

२४ जानेवारी, शनिवार

काल राती आले, आज सकाळी गेले. नात सृष्टी म्हणते, "आजी, तू का नाही येत?" तिची आई — "आजीला नाही आवडत, बाळा." मला काय आवडतं ते सगळ्या पुण्याला ठाऊक!

खुर्च्या चारच चढवल्या गाडीत. म्हणलं, चौथी कोणाची रे? विशू हसला. "पाय ठेवायला."

२५ जानेवारी

दिवस कलताना आले. गळाला काय लागलं न्हाई. गोळ्या कशाच्या लावल्या तर क्रीमच्या बिस्किटाच्या! शेवटी धरणावर मासे धरणाऱ्या जळबाकडून मरळ इकत घेतली, अन् हातात धरून फोटो काढला. जशी काय यानंच धरली.

रांधली मी. अंगणात बसून तिघांनी खाल्ली. सृष्टी ताट घेऊन चुलीपाशी माझ्याकडं आली तर विशू वरडला, "तिकडं नको! आजीला मळमळतं!"

लेकरू माघारी गेलं.

मला मळमळत न्हवतं. तोंडाला पाणी सुटलं व्हतं.

२६ जानेवारी, सोमवार

गेले सकाळी. निलम जाताना म्हणाली, "आई, उरलेलं कुत्र्याला टाका."

झाकण काढलं. डोकं तसंच! ह्यांना डोकं खाता येत न्हाई. येसुराचा रस्सा राती मुरून दाट झालेला.

आज सोमवार. नागनाथाचाच वार.

खाल्लं. निवांत मांडी घालून, चोखून, पातेलं भाकरीनं पुसून. कुत्रं उंबऱ्यात बसून बघत व्हतं. त्याला काटे दिले.

दिवेलागण झाली, पोचल्याचा फोन न्हाई. मीच लावला. लागून न्हाई राहिला. परत लावला. न्हाईच. आता घशात बोट घालून ओकावं का? ओकल्यानं नवस परत बसतो का? कोणाला इचारू?

२७ जानेवारी

सकाळी फोन आला. रातीच पोचले. सांगायचं राहून गेलं म्हणे! राहून गेलं!

माझं तोंड सुटलं. सगळं सांगून टाकलं — ताप, नागनाथ, सोडलेली मासोळी, कालचं डोकं.

त्यानं नाक वढलं. मला वाटलं, रडून राहिला.

मग म्हणला — "आई, मग आता मला काही होईल का?"