शिंगांचा तांबडा रंग

बाबा, आज दुपारी गॅरेजात एक मोटार ढकलत आणली. सेल्फचं बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. इथले दोघं लगेच प्लग काढायला बसले. मी म्हटलं, थांबा, आधी भोंगा वाजवून पाहा. वाजला नाही. आणि एवढ्या मोठ्या कलकत्त्यात, ट्रामच्या खडखडाटात, मला आपल्या मालगुजाराच्या मोटारखोलीतल्या धानाच्या तणसाचा वास आला.

शाळा मला चौथीपर्यंतही झेपली नाही, अक्षरं अजून वाकडीच येतात. पण तो पोळा सगळा आठवतो. तुम्ही मालगुजाराची मोटार चालवायचे, आणि मी वीस वर्षांचा बिनकामाचा घोडा, तुमच्या मागे मागे. आदल्या दिवशी तुम्ही म्हणाले, बॅटरीची पट्टी गंजली, काढून घासून ठेव. वीज मोटारीच्या लोखंडातून फिरून त्या पट्टीनंच बॅटरीत परत येते, म्हणून ती उघड्या लोखंडावर बसली पाहिजे, हेही तुम्हीच सांगितलं होतं. मी घासली. पण मालगुजाराच्या बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा रंग उरला होता. आपल्या घरी बैल नव्हते, आपला बैल म्हणजे ती मोटारच. मी तिच्या चाकांच्या कडा रंगवल्या, आणि पट्टीखालचं घासलेलं लोखंडही रंगवून टाकलं, पुन्हा गंज चढू नये म्हणून. वाळल्यावर वरून पट्टी आवळली. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून मीही मोटार सुरू करून पाहिली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी मालगुजाराला गोंदियाहून रेल्वे धरायची आहे, नागपूरच्या कोर्टात जमिनीची पेशी. सेल्फ लागत नाही. मी हँडल मारतो आहे, खांदा निखळायची पाळी आली. गडी बाजूला उभे राहून हसताहेत, एक म्हणतो, मोटारीले बी पोळ्याची सुटी पाहिजे. तुम्ही आले ते खाकी कोटाची गुंडी लावत.

"काऊन हँडल मारून राहिला? तो बैल नोहे, मारल्यानं उठाचा नाही. पहिले भोंगा वाजव."

वाजला नाही. दिवे लावले, लागले नाहीत.

"मंग पेट्रोलले कायले शिव्या देतेस? वीजच नाही तिच्यात. तार दोन्ही टोकायनं पाहाची. एक टोक पाहून उठला तो मिस्त्री नोहे."

पट्टीचं एक टोक बॅटरीवर घट्ट होतं. दुसरं तुम्ही सोडवलं, आणि नखानं खरवडलं. नखाखाली तांबडा रंग आला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग चाकूनं लोखंड उघडं केलं, पट्टी आवळली, आणि मोटार एका दमात उठली. पण तोवर रेल्वे निघून गेलेली. मालगुजारानं विचारलं, कोणाच्या हातानं झालं हे?

"माझ्या, मालक."

मी हँडल धरून तिथंच उभा होतो.

आठ दिवसांत गोंदियाहून हिंदी बोलणारा ड्रायव्हर आला, तुमच्याकडे धानाची राखण आली. घरी तुम्ही मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, बाबा. फक्त मोटारखोलीकडून सेल्फचा आवाज आला की जेवता जेवता तुमचा हात थांबायचा. मोटार उठली की पुन्हा घास. ते मला पाहवेना, म्हणून मी हावड्याची गाडी धरली. थंडीत तुमचा ताप वाढल्याची तार आली, तेव्हा इथून निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो खाकी कोट आता माझ्याकडे आहे. बाह्या मला आखूड होतात. तरी थंडीत घालतो.

आजच्या मोटारीचंही दुसरं टोकच खराब निघालं. मी लोखंड खरवडलं, पट्टी आवळली, सेल्फ दाबला. ती उठली तेव्हा वाटलं, तुम्ही कुठंतरी जेवायला बसला असाल, आणि आता पुढचा घास घेतला असेल.

हे कागद कुठं टाकू? पत्ता नाही. हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवतो. एकच सांगायचं राहिलं, ते सांगावं म्हणूनच बसलो होतो. मोटारवाला बाबू खूश होऊन म्हणाला, इतना अच्छा काम किससे सीखा? पट्टी सोडवलेला पाना अजून माझ्या हातात होता. मी म्हणालो, किसी से नहीं.