शेळी सापडते का?

अहो,

मी आणि बाबा ताईंकडे गेलोय. हो, तुमच्याच ताईंकडे. घाबरू नका, भांडायला नाही.

कालच्या जुन्या बाजारातली ती चिनीमातीची बाहुली मी टेबलावर घेऊन बसले होते. तिच्या गालांवरची धूळ ब्रशने काढत होते. टोपडं आणि झगा बघता ही कुठल्यातरी गोष्टीतलीच, पण कोण ते काही कळेना. बाबा चहा घ्यायला आले आणि थबकलेच.

"अगं, हिच्या हातात कंदील हवा. ही हरवलेली शेळी शोधायला रानात जाते."

मग खुर्ची ओढून त्यांनी गोष्टच सांगायला घेतली. लांडग्याचा आवाजसुद्धा काढला! आई गेल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"मग शेळी सापडते का?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. तिथवर येईतो ती झोपून जायची."

'ती' कोण, हे मी विचारलं नाही. मग तेच म्हणाले, "पुढे ती स्वतः वाचायला लागली. तिला माहीत असेल. फोन लावून देतेस?"

मी लावून दिला. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतरही बाबांनी 'कशी आहेस' वगैरे काही विचारलं नाही. थेट म्हणाले, "त्या शेळीचं पुढे काय झालं गं?"

 पलीकडून ताई म्हणाल्या, "घरी या, सांगते."

जेवण झाकून ठेवलंय. बाहुलीचं बोट चिकटवलंय, ते वाळेपर्यंत हात लावू नका. आम्हाला उशीर झाला तर फोन करू नका.

— मी