मुर्रीतला समुद्र

बाबा, काल तुमच्या नातीचा सहावा वाढदिवस झाला. तुम्ही तिला पाहिलं नाही, तुमच्या जावयालाही नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते की दोघंही तुमच्यासारखे हट्टी आहेत आणि तुम्ही गेल्यापासून मला भांडायला घरात माणूस कमी पडलेलं नाही. यांना तिरोड्याच्या वीज प्रकल्पात नोकरी लागली आणि जूनमध्ये आम्ही पुणं सोडून इथे गोंदियाजवळ मुर्रीत भाड्याचं घर घेतलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा आपल्या मुलखात आले. मला वाटलं होतं, पोरगी इथे फुलेल. अंगण आहे, समोर धानाच्या बांध्या आहेत, गल्लीत पोरंच पोरं. झालं भलतंच. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तिनं वर्गात काहीतरी सांगितलं आणि तिच्या पुणेरी बोलण्यावर पोरं हसली. वाईट मनानं हसली नसतील, पण हिनं तोंड मिटलं ते मिटलंच. घरात माझं डोकं खाईल एवढी बडबड, आणि उंबरा ओलांडला की मुकी. बाई म्हणाल्या, थोडा वेळ द्या. दिला. दिवाळी गेली, धान कापून झालं, तरी ही आपली खिडकीत बसून गल्लीतला खेळ बघत राहायची. रात्री मला झोप लागेना. शेवटी ठरवलं, पोरगी गल्लीत जात नाही ना, तर गल्लीच घरात आणायची.

आता वाढदिवस नुसता चालत नाही, बाबा, त्याला थीम लागते. थीम म्हणजे त्या दिवसापुरतं घरानं घेतलेलं सोंग. कुणाच्या घराचं जंगल होतं, कुणाच्या घराचा राजवाडा. आपल्याकडे आईनं पाटावर बसवून ओवाळलं आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवला की झाला वाढदिवस, तोही आईला आठवेल त्या दिवशी. मी हिला विचारलं, तुला काय हवं? मान वर न करता म्हणाली, "समुद्र." सगळ्या महाराष्ट्राचा समुद्र एका टोकाला आणि आपण बरोबर दुसऱ्या टोकाला. पण हौसेला मोल नसतं. गोंदियाच्या बाजारात सजावटीच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "दीदी, ऑक्टोपस है, जलपरी है, व्हेल का ऑर्डर देना पड़ेगा." मी निळं कापड तेवढं घेतलं. व्हेल आपण घरीच करू, असं यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन रविवारभर फरशीवर पालथे पडले. संध्याकाळी जे काही उभं राहिलं, ते शेजारच्या मावशींनी दारातूनच पाहिलं आणि विचारलं, "म्हैस कायले बनवली वं?" त्यावर हे जे रुसले ते जेवणापर्यंत कुणाशी बोलले नाहीत. पोरगी मात्र लोळून लोळून हसली, आणि म्हशीला पाण्याचा फवारा हवाच म्हणून तिच्या डोक्यावर चमकीच्या पट्ट्या स्वतः चिकटवल्या.

मावशींना मुळात समुद्रच मान्य नव्हता. "समुद्र कोनं पायला इथं? तलाव कर ना. कमळाचे पानं मी मागवून देईन." तुम्ही असता तर लगेच त्यांच्या बाजूनं झाला असता. आपल्या वाडवडलांनी तलाव बांधले, हे तुम्ही इतक्यांदा सांगायचात की लहानपणी मला वाटायचं, आजोबांनी एकट्यानं फावडं घेऊन अख्खा तलाव खणला आणि मग घरी येऊन भाकर खाल्ली. मी काही मागे हटले नाही, पण मावशीही हटल्या नाहीत. परवा सकाळी त्यांनी पानांचा भारा अंगणात आणून टाकला आणि वर टोपलीभर उकडलेले शिंगाडे. झालं, समुद्रात कमळाची पानं आली. मी बोलावलेल्या प्रत्येक मुलासाठी एकेक कापडी पिशवी शिवली, त्यात रबराचा मासा, रंगीत खडू, शिट्टी, साबणाचे फुगे उडवायची बाटली घातली आणि प्रत्येक पिशवीवर झोकात नाव लिहिलं. नाव असलं की भांडण नाही, हे माझं शहाणपण. तेच हात दाखवून अवलक्षण ठरलं.

कारण मुर्री म्हणजे पुणं नव्हे, हे मी साफ विसरले होते. इथे एका पोराला बोलावलं की त्याच्या पाठचं येतं, पाठच्याच्या पाठचं काखेत येतं, आणि सुट्टीला आलेली मामेबहीण घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तीही येते. वर मावशींनी गल्लीत दवंडीच पिटली होती. समुद्र दुथडी भरून वाहायला लागला. केकवरच्या निळ्या क्रीमनं सगळ्यांच्या जिभा निळ्या झाल्या, मग एकमेकांना जिभा दाखवायचा खेळ सुरू झाला. चिप्स तशाच राहिल्या आणि शिंगाड्यांच्या टोपलीत हातावर हात पडले. हे दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की ती व्हेल आहे. एवढ्या गलक्यात आपली पोरगी पुठ्ठ्याच्या म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसलेली. औक्षण झालं, केक कापला, सगळ्यांनी गाणं म्हटलं. हिचे ओठ हलले नाहीत. कुणी काही विचारलं की मान हलवायची, बस. मी वडे तळत होते आणि माझं सगळं लक्ष तिच्यावर. आजही बोलली नाही तर हिला पुण्याला परत न्यायची, असं कढईसमोर मी मनात पक्कं करून टाकलं होतं. यांना सांगितलं नव्हतं.

निघायची वेळ झाली तशा मी पिशव्या बाहेर आणल्या. नाव घेतलं की एकेक पोर पुढे यायचं. मग बहिणीचा स्वेटर घातलेला एक छोटा पिशव्यांच्या ढिगापाशी येऊन बसला आणि एकेक पिशवी उलटीसुलटी करून बघायला लागला. त्याला वाचता येत नव्हतं. "आंटी, मेरा नाम कौनसे पे है?" बाबा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्यामागे तसेच आणखी उभे. यांनी स्कूटरची किल्ली उचलली, दुकानातून काहीतरी आणतो म्हणाले. आणि तेव्हा मला तुम्ही आठवलात.

उन्हाळा आहे. तलाव आटलाय, लांब आपल्याकडच्या प्रतापगडाचा डोंगर तापून पांढरट दिसतोय आणि पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, सगळं गाव जमलंय. जाळ्यातले मासे काठावर ओतलेत आणि तुम्ही पळसाच्या पानांवर घरागणिक वाटे लावताय. वाटे कितीही सारखे लावले तरी कुणाला कुठला यावर तंटा ठरलेला. म्हणून एका पोरानं वाट्यांकडे पाठ फिरवून उभं राहायचं. मागून कुणीतरी एका वाट्यावर काठी टेकवून विचारायचं, "हा कोनाचा?" पोर ज्या घराचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. ज्यानं पाहिलंच नाही त्याच्यावर रागावणार कोण? त्या वर्षी तुम्ही मला उभं केलंत. मी नाव घ्यायचं सोडून मागच्या माणसांकडे वळून बघायला लागले. तुम्ही सगळ्यांदेखत खेकसलात, "काऊन थरथरून राहिली? मानसं मागं हायेत. समोर पानी हाय. पान्याले सांग." मला तुमचा राग आला होता, आणि त्या रागातच मी पहिलं नाव ओरडले.

तर मी काय केलं, सगळ्या पिशव्या परत मागितल्या आणि फरशीवर अंथरलेल्या निळ्या कापडावर उपड्या केल्या. कमळाची पानं मांडली आणि पोरांच्याच हातून वाटे लावले. कुठल्या पानावर मासा आला, कुठल्या पानावर शिट्टी, कुठल्यावर खडू. बाटली नाही आली तर वर दोन शिंगाडे. नियम सांगितला तशी "मैं बोलूँगा, मैं बोलूँगा" सुरू झालं. मावशींची नात दहा वर्षांची, पण तोरा पोलीस पाटलाचा. हातात माझा झारा घेऊन तिनं निकाल दिला, "जिसका बर्थडे, वही बोलेगी." मी घाईनं म्हणाले, अगं, दुसऱ्या कुणाला करू दे. पण पोरगी उठली होती. भिंतीवरच्या निळ्या कापडाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मागचं बघू नकोस. समोर पाणी आहे, त्याला सांग."

झारा पहिल्या पानावर टेकला. "ये किसका?" पोरगीनं समोरचं निळं कापड मुठीत धरलं. मग तिनं कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलाचं नाव घेतलं. हळू नाही, बाबा, खणखणीत, आडनावासकट. दुसऱ्या पानाला त्याच्या बहिणीचं. मग एकामागून एक, सगळ्या गल्लीचं. मी आमंत्रणं दिली असूनही मला जी नावं येत नव्हती, ती तिला येत होती. स्वेटरवाल्या छोट्याचं तर तिनं घरचं लाडाचं नाव घेतलं, आणि तो एवढा खूश झाला की पान घ्यायचंच विसरला. सहा महिने खिडकीत बसून ती नुसती खेळ बघत नव्हती; संध्याकाळी कोणाची आई कोणाला काय म्हणून हाक मारते ते सगळं ऐकत होती. शेवटी एकच पान उरलं. "और ये?" आपली पुणेरी पोरगी गर्रकन वळली आणि म्हणाली, "तो मायावाला." माझा नव्हे, बाबा, अस्सल इथलं मायावाला! सगळी पोरं खदाखदा हसली. तीही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, निळी जीभ दिसेपर्यंत. मावशी पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या, "तू काऊन रडून राहिली?" मी कांद्याचं कारण सांगितलं. वडे बटाट्याचे होते.

आज शाळेला सुट्टी, जेवणं आटोपली न आटोपली तोच फाटकाशी पोरांचा घोळका आला. हिच्या नावानं हाका. माझं "स्वेटर घाल" तोंडातच राहिलं आणि ती गेलीसुद्धा. हे सकाळीच कामावर गेलेत. मी चमकीचे तुकडे झाडले, निळं कापड घडी करून ठेवलं, ओटा पुसला, आणि मग करायला काही उरलं नाही म्हणून कागद घेऊन बसले.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. नात बोलती झाली हे तुम्हाला कळवायचं होतं, असं मी लिहायला बसताना स्वतःला सांगितलं. पण तसं नाही. सहा महिने दिवसभर ती फक्त माझ्याशी बोलायची, बाबा. आज ती बाहेर आहे आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसले.