नॉर्मन सर पत्ते का टाकतात

शनिवार, ४ जानेवारी

पुन्हा तेच! माझ्याकडे जबरदस्त पत्ते आले आणि नॉर्मन सरांनी आपले टाकून दिले. सलग चौथा शनिवार. योगायोग? चारदा?

आमच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर सरांनी गिरगावातल्या घरी हा दुपारचा डाव सुरू केला. खेळणारे तिघेच — सर, मी, आणि ऑफिसातला विकास. पैसे नाहीत, चिंचोके. खेळ ओमाहा हाय-लो, पोकरचाच एक प्रकार. चार पत्ते हातात, पाच टेबलावर उघडे. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन घेऊनच पाच पत्त्यांचा ‘हात’ जुळवायचा. मधे जमलेले चिंचोके म्हणजे पॉट; अर्धा पॉट सगळ्यात मोठ्या हाताला, अर्धा सगळ्यात लहान हाताला. दोन्ही अर्धे एकटीने उचलायचे, ही खरी मजा. सर आधीच पत्ते टाकतात, पॉट वाढतच नाही; ती मजा घेऊच देत नाहीत.

त्यांची बायको, डोरिस आंटी, खेळत नाही. चहा घेऊन माझ्या मागून जाते. मग सरांना चिकटून बसते. कानात बोलते.

काय बोलते?

शनिवार, ११ जानेवारी

भिंतीला पाठ लावून बसले. पत्ते छातीशी. दादरहून पत्त्यांचा नवा कॅटही नेला. तरी तेच!

रविवार, १२ जानेवारी

आई म्हणते, ‘‘तुला बिल्डरचा संशय, शेजारणीचा संशय, आता त्या म्हाताऱ्याचा.’’ नायगावची चाळ रिकामी करताना प्रत्येक कागद मी तीनतीनदा वाचला, ते बरं चाललं तिला!

पण सर... ऑफिसात पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून दोघीजणी डबे घेऊन पलीकडे सरकल्या होत्या. सर आपला डबा उचलून समोर येऊन बसले. ‘‘काय आणलंस गो?’’ म्हणाले. हा माणूस चिंचोक्यांसाठी लबाडी करेल? लबाडीचं एवढं नाही. माझ्याशी करेल, हे सहन होत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

आज उलटंच. माझ्याकडे एक्का-दुर्री; लहान हातात एक्का म्हणजे एक, तेव्हा लहान बाजू पक्की. मोठ्या बाजूला काहीच नाही. तरी पूर्ण पॉटएवढे चिंचोके लावले. सर हटले नाहीत! पत्ते उघडले तर विकासकडेही एक्का-दुर्री. मोठा अर्धा सरांना, लहान अर्ध्यात आम्ही दोघे. माझ्या वाट्याला पाव पॉट. घातले त्याहून कमी परत आले.

सर हसले. ‘‘नुसती लहान बाजू असली तर पॉट फुगवायचा नाही गो. दुसऱ्याकडेही तीच निघते.’’

बरोबर आहे. पण माझ्याकडे नुसती लहान बाजू आहे, हे यांना कसं कळलं?

शनिवार, २५ जानेवारी

स्वयंपाकघरात आंटीला गाठलं. सरळ विचारलं, ‘‘माझे पत्ते सांगता ना तुम्ही त्यांना?’’

तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ‘‘तुझे? नाय गो बाय.’’

‘‘मग कानात काय सांगता?’’

‘‘मला काय बोलायचं ते बोल. त्यांना विचारू नको. हात जोडते.’’

हा कबुलीजबाबच झाला की! न खेळताच निघाले. खाली येईपर्यंत रडू आलं, ते वेगळं.

मंगळवार, २८ जानेवारी

सरांचा फोन. आंटीने सांगितलं असणार.

‘‘तुझे पत्ते तूच सांगतेस,’’ म्हणाले. ‘‘लहान हात असला की पुटपुटत आकडे मोजतेस. दोन्ही बाजूंचा असला की एकदम गप्प. श्वाससुद्धा ऐकू येत नाही. आणि लगेच पॉटएवढे लावतेस! कोण थांबेल? चांगला हात आला की बडबड कर. थोडं थोडं लाव. समोरच्याला राहू दे आत.’’

विकासला विचारलं. म्हणाला, ‘‘हां यार, गप्प होतेस खरी.’’

असेल. पण आंटीचं काय? तेही फोनवरच विचारलं होतं सरांना.  नुसतं म्हणाले, ‘‘शनिवारी ये.’’

मला पटलेलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

गेले. हातात दोन एक्के, दुर्री, तिर्री! गप्प बसायच्या आत तोंड उघडलं. नव्या बिल्डिंगची लिफ्ट, आईचे गुडघे, विकासचा शर्ट — सुचेल ते. लावले थोडेच. टेबलावर एक्का, चौका, सत्ता... आंटी सरांच्या कानाशी. मी बोलतच राहिले. विकासने पत्ते टाकले आणि फोन घ्यायला बाल्कनीत गेला. सर राहिले! पुढे बादशहा, नव्वा. आता लावले अख्ख्या पॉटएवढे. तरी राहिले!

त्यांचे तीन बादशहा. माझे तीन एक्के. लहान बाजूही माझीच. दोन्ही अर्धे!

पुढचं आज लिहवत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

काल आंटीने माझे पत्ते वाचून दाखवले तेव्हा सर उठून उभेच राहिले. ‘‘शाब्बास नम्रता!’’ म्हणत हात पुढे केला — विकासच्या रिकाम्या खुर्चीकडे. मी टेबलाच्या या बाजूला. आंटीने त्यांचं कोपर धरून त्यांना हळूच माझ्याकडे वळवलं.

सरांना आता दिसत नाही. त्यांचेच पत्ते ती त्यांना सांगत होती.