दिवा लागतो, तबक फिरतं, पाणी थंड

कफ्र नजीब, सोमवार

आदरणीय नवाल मावशीस,

तुझ्या इब्तिहालचा सलाम आणि हातांचे मुके. पोर्ट सईदच्या खाऱ्या वाऱ्यात गुडघे कसे आहेत? काका अजून तुझी पाठ वळली की चहात साखर घालतात का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे सगळे माझ्यावर चिडलेले आहेत.

कारण तू माझ्या आंदणासाठी धाडलेला मायक्रोवेव्ह. मी कॉलेज संपवेपर्यंत तो आईच्या पलंगाखाली खोक्यातच होता (मी रसायनशास्त्र शिकत होते, आणि घरात सगळ्यात सांभाळून ठेवलेली वस्तू तो होता). परवा माझ्या होणाऱ्या सासूबाई, हुसामच्या आई हाज्जा फौकिया, सामान तपासायला आल्या. चादरी उकलून पाहिल्या, पातेली वाजवून पाहिली आणि मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा पेला ठेवायला लावला. दिवा लागला, तबक फिरलं, घंटीही वाजली. पाणी मात्र नाईलइतकंच थंड. हाज्जांनी त्यात बोट बुडवलं आणि आईकडे असं पाहिलं, जणू तो पेला आईनेच गार केला.

आईने लगेच त्याची दृष्ट काढली. धूप इतका जाळला की खोकत खोकत शेजारीण विचारायला आली. मग उस्ता सब्री आला (वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, पण म्हणाला सगळी यंत्रं भावंडंच). त्याने मायक्रोवेव्हच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि निदान केलं, "पोरी, याला अजून या घराची सवय नाही." मी मात्र शास्त्राने गेले: प्लग बदलला, दार तपासलं, आधी मसूर ठेवला, मग शिजवलेला घेवडा. घरच्यांनी दोन्ही थंडच खाल्लं आणि प्रत्येक घासाला माझ्या पदवीची आठवण काढली. हुसाम फोनवर हसला, "काय गं, एवढं शिकलीस आणि साधी डाळ तापवता येत नाही?"

या हुसामनेच साखरपुड्यात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नोकरी कर की, तुला कोण अडवतंय?" आता मन्सूरा शहरातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेने मला प्रशिक्षणाला बोलावलं आहे, ईद झाली की लगेच, आणि लग्नही नेमकं त्याच आठवड्यात. आपल्या गावात लोक कालव्याचं पाणी पिऊन आजारी पडतात, मावशी, मला ते काम खरोखर करायचं आहे. हुसाम म्हणतो, "आधी घर लागू दे, मग बघू." हाज्जा तर उदार आहेत. म्हणाल्या, "तुझी पदवी सोनेरी चौकटीत घालून बैठकीत लावू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल." आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. माझ्याही आलं, पण कोणी कारण विचारलं नाही.

जाताना हाज्जांनी शेवटचं सुनावलं: बिघडलेली वस्तू त्यांच्या मुलाच्या घरात येणार नाही, आंदणाच्या गाड्या गावातून वाजतगाजत जाताना कोणी हसता कामा नये. आधी दुरुस्ती, मग गाड्या, मग लग्न. आई तेव्हापासून म्हणते, दुकानदाराने नवालला गंडवलं. राग मानू नकोस.

तुझी,
इब्तिहाल

ता. क. तो बिघडलेला नाही. दुकानात मांडलेला नमुना तुला विकलाय. गिऱ्हाइकाला दाखवायला अशा यंत्रांत एक सोय असते: दिवा, तबक, घंटी सगळं चालतं, फक्त तापवत नाही. घरचे बाहेर गेल्यावर मी बंद करायचं बटण दाबून धरलं आणि पाणी उकळलं. एकटीने चहा घेतला, पेला धुतला आणि तेच बटण दाबून त्याला पुन्हा होतं तसं केलं.

ता. क. दुसरा: आई तुला फोन करेल. सांग की आतला एक भाग जळलाय आणि तो बोटीने यायचा आहे. प्रशिक्षण हिवाळ्यात संपतं, तेव्हा तो भाग जिथून येणार तो देश जरा लांबचा निवड. तोवर हुसाम थांबतो का, तेही मला पाहायचं आहे. मला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहेच, म्हणून तर तुला बोलायला सांगते आहे.