एकविसावा ढीग

बाबा, आज धानोऱ्याहून दुपारच्या गाडीनं पेपर आला. नर्सबाईनं तो अथपासून इतिपर्यंत वाचला आणि एक बातमी मला दोनदा वाचून दाखवली. दिल्लीच्या हायकोर्टानं म्हटलंय की दोन मोठ्या माणसांनी, मग दोघे पुरुष असोत की दोघी बाया, राजीखुशीनं एकमेकांवर जीव लावला तर तो गुन्हा नाही. लग्नाबद्दल त्यात चकार शब्द नाही. तरी ती म्हणाली, "आज हे झालं, उद्या तेही होईन. आपल्या जलमात नाई झालं तरी होईन." सरकारी गोष्टींवर माझा भरवसा किती, ते तुला ठाऊक आहे. माझ्या अंगणवाडीवर घालायची कवेलू मंजूर होऊन तीन पावसाळे झाले, छत अजून गळतंच आहे. पण आज भाजी फोडणीला टाकताना मी गुणगुणत होते, हेही खरं. मग पेपराची घडी घालता घालता ती म्हणाली, "तुह्या बाबाले मात्र हे पटलं नसतं. त्यायनं मले कधी घरातली मानलंच नाई." माझा हात थांबला आणि कांदा करपला.

मला तो उन्हाळा आठवतो. तलाव आटत आला की गाव मिळून जाळं ओढायचं आणि वाटे घालायचं काम तुझं. काठावर पळसाची पानं अंथरून तू ढीग लावायचास. माणसामागे नाही, चुलीमागे एक ढीग. लग्न होऊन पोरानं वेगळी चूल मांडली की पुढच्या उन्हाळ्यात त्याचा ढीग वेगळा; तोवर बापाच्याच ढिगातलं खायचं. गावात वीस चुली, म्हणून वीस ढीग. माझा भाऊ लग्नाआधीच वेगळा वाटा मागायला आला तेव्हा "पयले चूल दाखव" म्हणून तू त्याला चारचौघांत उडवून लावलं होतंस. नर्सबाई आपल्या उपकेंद्रात बदलून आली, तिनं आपली मागची खोली भाड्यानं घेतली, आणि वर्षभरात मी माझी पेटी अन् बिछाना तिकडंच हलवला. तू काही विचारलं नाहीस. चूल घालणं बायांचं काम, पण आई नव्हती, म्हणून एक दिवस तूच माती कालवून आमच्या खोलीत चूल घालून दिलीस. जाताना एवढंच म्हणालास, "स्टोवचा भात कच्चाच रायते."

त्या उन्हाळ्यात जाळं ओढलं त्या दिवशी ती लसी द्यायला दुसऱ्या गावी गेली होती, म्हणून मी एकटीच टोपली घेऊन काठावर आले. तू ढीग घालतो आहेस. वीस होतात. मग तू आणखी एक पान अंथरतोस, त्यावर एक जिवंत मरळ ठेवतोस, दोन रोहू, मूठभर बारीक मासळी. कोणीतरी विचारतं, "हा कोनाचा गा?" तू मान वर न करता म्हणतोस, "पोरीचा अन् नर्सबाईचा. त्यायची चूल येगळी हाय." एक जण खोकला. मागं एक बाई तोंडाला पदर लावून हसली. बाकी काही झालं नाही, कोणी दगड उचलला नाही. तरी मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "काईतरीच काय बाबा! बाई भाड्यानं रायते. मी तुह्याच घरची आहो."

तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. "बरं," म्हणालास, आणि त्या पानावरची मासळी उचलून बाकीच्या ढिगांवर टाकत गेलास. मरळ उरली, ती पाण्यात सोडून दिलीस. त्यानंतर तू हा विषय काढला नाहीस, आणि दोन पावसाळ्यांनी तू गेलास. ज्याच्यासाठी लोक आता दिल्लीत कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात ते तू मला गावासमोर, पळसाच्या पानावर घालून दिलं होतंस. कायद्यानं नाही, मीच नाही म्हटलं. याचं मला फार वाईट वाटतं, बाबा.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. त्या संध्याकाळी ती उन्हातून दमून आली आणि रिकामी टोपली बघून म्हणाली, "आपल्याले वाटा नाई भेटला?" मी म्हटलं, "बाबानं नाई देला." तेव्हापासून तिच्या लेखी तू तसाच आहेस. तशा बापाला तिनं शेवटच्या दुखण्यात रोज सकाळी सुई दिली, पाठ पुसली, एका शब्दानं बोलली नाही. आज तिनं तुझं नाव काढलं तेव्हा मला सांगता आलं असतं. आता कोर्टाचं भय नाही, गावानंही हसणं कधीचंच सोडलं. ती दारात उभी राहून विचारते आहे, "एवढं काय लिहून रायली वो?" मी तिला सांगितलं, अंगणवाडीचं रजिस्टर.